काठीच्या टोपीतला दोरा

३ तारीख, सोमवार

बादली नळाखाली होती, चहाचं आधण उकळत होतं आणि मी जिन्यात पायपुसणं झटकत होते, तेवढ्यात हे वर आले, गुडघ्यापर्यंत ओले. सगळी धूळ त्यांच्या ओल्या पॅंटवर बसली. मी म्हटलं, "नदी घरी आणलीत की काय?" ते म्हणाले, "थोडी राहिली तिकडे." मग इस्त्रीच्या टेबलावरच्या माझ्या घड्या बाजूला सारून त्यांनी एक हातभर लांबीची काळी काठी ठेवली. टोक धरून ओढलं तर एकातून एक बारीक नळी निघत गेली आणि शेंडा खिडकीबाहेर पोचला. गळाची काठी, पण पिशवीत मावेल अशी. हिच्या दोरीला किडा नाही लावत, पिसांची खोटी माशी बांधतात, एवढं मला माहीत होतं.

मी विचारलं, "नवीन घेतलीत?"

ते काठी पुसत होते, माझ्या धुतलेल्या टॉवेलने. हात थांबला. माझ्याकडे बघून म्हणाले, "हं."

मला इतका आनंद झाला की मी टॉवेलबद्दल बोललेच नाही. जन्मभर पंपावर काम केलं, पण या माणसाने स्वतःसाठी कधी रुमाल घेतला नव्हता. त्या दिवशी मी शेजारी तीन घरांत सांगून आले.

हे असतानाची ही सकाळ आज आठवली कारण गळवाल्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी आले होते. टोपी काढून दारात उभे. म्हणाले, पुढच्या एक तारखेला नदी उघडते, म्हणजे मासे धरायला परवानगी सुरू होते, तेव्हा मंडळाच्या खोलीत ह्यांच्या नावाची पाटी लावायची आहे. आणि पाटीखाली ह्यांची काठी.

"ती काळी, घडीची," ते म्हणाले. "अशी काठी आमच्यात दुसऱ्या कोणाकडे नाही."

मी हो म्हटलं. ते गेल्यावर खूप रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं.

५ तारीख, बुधवार

काठी पिशवीतून काढली. मी तिला तशी सोडलेली नाही. हे गेल्यापासून दर रविवारी तिच्या सांध्यांना शिलाई मशीनचं तेल घालते. मी कामाला आहे त्या लॉन्ड्रीत पिळणीच्या, म्हणजे कपडे पिळायच्या यंत्राच्या, रुळांना, दाराच्या बिजागऱ्यांना, गाड्याच्या चाकांना आम्ही तेच घालतो. सांधा दिसला की तेल, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. बुडाकडची मूठ बुचाच्या लाकडाची आहे, ती मी ओल्या फडक्याने पुसते. ह्यांच्या अंगठ्याने तिथे खळगा पडलाय. पुसताना माझा अंगठा त्यात ठेवते.

संध्याकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी, ह्यांचे नदीवरचे सोबती. हे गेल्यापासून आठवड्यातून एकदा येतात, चहा घेतात, दोन शब्द बोलतात, जातात. छत्री दाराशी उभी करतात. आज काठी टेबलावर बघून उभेच राहिले.

"बरी आहे ना ती?" म्हणाले.

"तिला काय होतंय?"

"नाही, वाळवून ठेवता ना? पिशवीत ओली ठेवायची नसते, वहिनी. आतून नळ्या एकमेकींना धरून बसतात."

मी सांगितलं, मंडळ ती भिंतीवर लावणार आहे. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"खिळ्यावर?"

"खिळ्यावरच लावतात ना भिंतीला."

"हो, ते खरं. मी एकदा हातात घेऊन बघू का?"

मी म्हटलं, आत्ता तेल घातलंय, हात भरतील. तेलाचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळ्यांत काही गेलं. चहा तसाच टाकून गेले.

९ तारीख, रविवार

वर ठक ठक ठक झालं. वन्सं वरच्या मजल्यावर राहतात, ह्यांची मोठी बहीण. खाली यायचे कष्ट नकोत म्हणून वेताच्या दांडक्याने जमीन ठोकतात आणि मी वर जाते.

"मास्तर येतो का अजून?" त्यांनी दार उघडण्याआधीच विचारलं.

"येतात. त्यांचे मित्र होते."

"त्याचा मित्र होता. तुझा नव्हता. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"मला काय माहीत? मी कुठे लोक आहे?" मग डोळे बारीक करून, "त्याला ती काठी हवी असेल. बायको गेली त्याची, पोरं नाहीत. संध्याकाळी करणार काय? काठीवर डोळा ठेवून चहा पितोय तुझा."

मी म्हटलं, तसं काही नाही. पण उतरताना मला मास्तरांचं "हातात घेऊन बघू का" आठवलं. आणि काठी म्हणजे दुसऱ्याच्या घरातली वस्तू, ती ओली आहे की कोरडी याची मास्तरांना काय पडलीय?

१२ तारीख, बुधवार

आज जे झालं ते बरं झालं. एकदा तोडून टाकलेलं बरं.

मास्तर लॉन्ड्रीत गाठोडं न्यायला आले. ते शिवलेले कपडे आमच्याकडे इस्त्रीला देतात, जुने दुरुस्तीचे धुवायला. प्रत्येक दुकानाची आमच्याकडे दोऱ्याची खूण असते, कॉलरच्या आत तीन टाके. त्यांची खूण हिरवा, हिरवा, पिवळा. मी गाठोडं पुढे सारलं. दुकानात चार गिऱ्हाइकं, मागे घडीवाली, पिळणीवरच्या दोघी.

मास्तर हळूच म्हणाले, "वहिनी, एक विनंती होती. काठी भिंतीवर नका लावू देऊ. पाटी लावा, फोटो लावा. काठी टांगली की मरते."

"मग काय करू? तुम्हाला देऊ?"

नाही म्हणाले नाहीत. तेच मला झोंबलं.

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खायला आलात? त्याच्या घरात त्याच्या कपात चहा पिऊन पोट नाही भरलं?"

पिळणी थांबली. गिऱ्हाइकांतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. मास्तरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि मग एकदम उतरला, चादर पिळल्यावर उतरते तसा. त्यांनी गाठोडं उचललं. दारातून वळून म्हणाले, "वाळवून ठेवा, वहिनी." छत्री विसरून गेले.

घडीवाली म्हणाली, "बाई, तुझ्या जिभेला हाड नाही ते माहीत होतं. सुरा आहे हे माहीत नव्हतं."

मी म्हटलं, सुरा कधीतरी लागतोच.

वन्संना सांगितलं. त्या खूश झाल्या. मग उगाच म्हणाल्या, "लोणीबिणी नसतं म्हटलं तरी चाललं असतं."

१६ तारीख, रविवार

तेल घालायला काठी उघडली तर तिसरी नळी बाहेरच येईना. हाताने ओढली, रबरी मोजे घालून ओढली. टेबलाला टेकवून ओढली. म्हटलं, एक तारखेला भिंतीवर अर्धवट मिटलेली काठी लावणार का? लॉन्ड्रीतून आणलेली पक्कड घेतली, भोवती फडकं गुंडाळलं आणि पिळली. पिळणं हेच माझं काम.

नळी सुटली. आणि दाताखाली बटण फुटावं तसा आवाज आला.

नळीच्या तोंडाशी केसाएवढी चीर आहे. नखाने लागते. मी काठी टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. त्यांची एकच वस्तू होती. त्यांनी स्वतःसाठी घेतलेली एकच.

१८ तारीख, मंगळवार

वाचनालयात गेले. मी उशिरा वाचायला शिकले, लॉन्ड्रीतल्या चिठ्ठ्यांवरची नावं लावून लावून. त्यामुळे अजूनही बोट ठेवून वाचते आणि पुस्तकवाल्या बाई माझ्यासाठी कोपऱ्यातली खुर्ची रिकामी ठेवतात. गळाच्या छंदावर एक जुनं, चित्रांचं पुस्तक निघालं. काठीची निगा या प्रकरणावर मी दुपारची सुट्टी सगळी घालवली.

लिहिलंय: सरकत्या काठीच्या सांध्यांना तेल कधीही घालू नये. तेल वाळू धरून ठेवते आणि वाळू नळीला आतून खाते. सांधा कोरडाच हवा, फार तर मेणबत्तीचा पुसट हात.

मी हे वाक्य चार वेळा वाचलं. मग बाईंना वाचून दाखवायला सांगितलं, माझंच काही चुकत असेल म्हणून. त्यांनीही तेच वाचलं.

म्हणजे दर रविवारी मी प्रेमाने वाळू भरत होते. आणि मास्तरांनी डोळे मिटले होते ते डोळ्यांत काही गेलं म्हणून नाही.

पुढे लिहिलंय की उघडताना शेंड्याकडून सुरुवात करावी आणि मिटताना बुडाकडून. मी नेहमी उलटं करत होते. बुडाला फिरकीची टोपी असते, ती काढून आतून कोमट साबणाचं पाणी सोडावं, स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावं आणि उभी करून सावलीत पूर्ण वाळवावी. तीच टोपी मी आजवर काठीचाच भाग समजत होते.

१९ तारीख, बुधवार

टोपी उघडली.

आधी दोऱ्याचं लिहिते.

टोपी घट्ट होती कारण तिच्या आतल्या आट्यांवर दोरा गुंडाळला होता, ढिली बसू नये म्हणून. तेलाने काळा पडलेला. साबणाच्या पाण्यात ठेवला तर रंग वर आला. हिरवा, हिरवा, पिवळा. मला वाटलं, दुरुस्तीला दिली असेल मास्तरांकडे, त्यांनी हाताशी होता तो दोरा वापरला. होऊ शकतं. काठीवर दोरी ओवायच्या ज्या बारीक कड्या असतात, त्या बांधलेला दोराही मास्तरांचाच असेल मग, मी समजत होते ह्यांचा. तेही होऊ शकतं.

पण दोऱ्याच्या शेवटी गाठ आहे.

हे मला, घडीवालीला आणि पिळणीवरच्या दोघींनाच कळेल. गिऱ्हाइकाच्या कपड्याला मास्तर नुसती खूण घालतात. स्वतःच्या घरच्या कपड्याला खुणेच्या शेवटी एक गाठ मारतात, म्हणजे गठ्ठ्यात मिसळलं तरी त्यांचं त्यांना परत मिळतं. त्यांच्या शर्टांना आहे, चादरीला आहे, कात्रीच्या मुठीवर आहे. त्या दिवशी विसरलेली छत्री लॉन्ड्रीत कोनाड्यात पडली आहे, तिच्या दांड्यालाही आहे. मी कामाला लागल्यापासून ती गाठ रोज बघते. तीच बघून वेगळा गठ्ठा करते.

दुसऱ्याच्या वस्तूवर ते ती गाठ कधीच मारणार नाहीत.

रात्री जेवले नाही.

२० तारीख, गुरुवार

ठोकलं नव्हतं तरी वर गेले. वन्सं खिडकीशी बसून शेंगदाणे निवडत होत्या.

मी विचारलं, "वन्सं, ती काळी काठी ह्यांनी कधी घेतली?"

त्या निवडत राहिल्या. "घेतली कशाला? माझ्या भावाने सुई घेतली नाही स्वतःसाठी. त्याची वेताची होती ना, ती मोडली. मासा मोठा आला, काठी अर्धी नदीत गेली. मग मास्तरने आपली दिली वापरायला. म्हणाला, माझा हात दुखतो, सध्या तूच वापर."

"आणि मास्तर?"

"काठावर बसायचा. बघायचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"भावाने सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाला. तू इमारतभर मिरवून आलीस ना, नवीन काठी घेतली, नवीन काठी घेतली. तो म्हणाला, आता खरं सांगितलं तर तिचं तोंड एवढंसं होईल. दोन दिवसांत सांगतो म्हणाला. मग राहिलंच."

"मग परवा मला का भडकवलंत? काठीवर डोळा आहे म्हणून?"

त्यांनी निवडणं थांबवलं. "डोळा होताच की. स्वतःची वस्तू आहे, डोळा नसेल?" आणि मग आवाज उतरवून, "तो तुझ्याकडे यायचा, चहा प्यायचा. माझ्याकडे कोणी येत नाही. मी बोलले जरा जास्त."

बोलण्याचा मला आता काय अधिकार? त्यांनी कोपऱ्यातलं वेताचं दांडकं उचलून मला दाखवलं. "ही बघ. ही त्याची. बूड मी ठेवलं, शेंडा नदीने ठेवला."

इतके दिवस ह्यांच्या काठीने मला वर बोलावलं जात होतं, आणि मी खाली बसून दुसऱ्याच्या काठीला तेल घालत होते.

एवढंसं तोंड. त्यांनी माझं तोंड वाचवलं आणि ते "हं" माझ्या गळ्यात घालून गेले. रागही येतो. पण राग आला की लगेच टॉवेल आठवतो, आणि थांबलेला हात.

२२ तारीख, शनिवार

काठी धुतली. कोमट पाणी, साबणाचा चुरा, टोपी काढून वरून ओतलं. पहिलं पाणी काळं आलं, त्यात वाळू. पातेल्याच्या तळाला बोटभर बसली. निवळेपर्यंत ओतत राहिले; धुण्याचं पाणी कधी निवळतं ते मला नुसतं बघून कळतं. मग प्रत्येक नळी बाहेर ओढून मऊ फडक्याने पुसली आणि खिडकीशी सावलीत उभी केली. पुस्तकात सांगितलंय तसा कड्यांतून कापूस फिरवला. कडी फुटलेली असेल तर कापसाचा तंतू अडकतो. एकही अडकला नाही. मास्तरांनी बांधलेल्या कड्या. अडकेल कसा?

चीर मात्र आहे. ती धुऊन जात नाही.

दिवसभर लॉन्ड्रीत हिरवा, हिरवा, पिवळा हातात येतो. ते कपडे पाठवायचे थांबले नाहीत. स्वतः येत नाहीत, शेजारच्या चांभाराबरोबर गाठोडं पाठवतात. त्यांनी दुसऱ्या लॉन्ड्रीत दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आज त्यांच्या घरच्या एका शर्टाची कॉलर मी दोनदा इस्त्री केली. घडीवाली बघत होती. "एवढ्या कडक कॉलरने गळा कापेल त्याचा," ती म्हणाली. मी म्हटलं, गळा माझाच कापलाय.

२५ तारीख, मंगळवार

आज गेले. काठी नाही नेली, आधी नुसतं बोलू म्हणून. छत्री नेली.

दुकानात एक जाडगेले गृहस्थ कोटाचं माप देत हात पसरून उभे होते. मास्तरांच्या तोंडात टाचण्या. मी छत्री कोपऱ्यात ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टाचण्या असल्यामुळे बोलता येत नव्हतं, आणि मला वाटलं, बरंय, आधी मीच बोलू.

तोंड उघडलं. त्या गृहस्थांनी मान वळवून बघितलं.

मी म्हटलं, "पांढरी बटणं आहेत?"

मास्तरांनी एक टाचणी काढली. "किती?"

"डझनभर."

त्यांनी मोजून दिली. मी घेऊन आले. बाहेर त्या गृहस्थांचा आवाज, "ही लॉन्ड्रीवाली ना? हिनेच ना ते..." आणि मास्तरांचा, "हात खाली, साहेब. माप चुकतं."

माझ्याकडे एकही पांढऱ्या बटणांचा कपडा नाही.

२९ तारीख, शनिवार

बटणं खिडकीत बशीत ठेवली आहेत. चहा पिताना दिसतात.

आज मला कळलं की त्या दिवशी टाचण्या नसत्या तरीही मी बोलले नसते. मला दुकानात कोणी नसताना बोलायचं होतं. पण मी जे बोलले ते चार गिऱ्हाइकांसमोर आणि पिळणीसमोर बोलले. आता ते गुपचूप परत घेणं म्हणजे भर रस्त्यात ढकलायचं आणि घरात जाऊन हात धरायचा. ते नाही चालणार.

वन्संकडे गेले. त्यांना म्हटलं, एक तारखेला ती वेताची काठी मला हवी.

"मग मी तुला हाक कशाने मारू?"

"तोंडाने मारा. ते काही कमी नाही तुमचं."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. जिना उतरायला वेळ लागेल, आधी सांगून ठेवते."

२ तारीख, बुधवार

कालचं लिहायला काल हात चालला नाही.

मंडळाची खोली नदीच्या काठावर, होड्यांच्या शेडला लागून. पहाटेचं थंड, सगळ्यांच्या हातात कप, खिडकीबाहेर पाणी. भिंतीवर पाटी लावून झाली होती, ह्यांचं नाव पितळेत, खाली दोन मोठे खिळे. वन्संनी माझा कोपर धरला, म्हणजे मीच त्यांचा धरला होता, पण धरून त्याच होत्या.

मी बघितलं तर मास्तर शेवटच्या रांगेत, दाराशी. हात रिकामे. बाकी सगळ्यांच्या हातात काठ्या.

सेक्रेटरींनी दोन शब्द सांगितले. मग म्हणाले, "आता वहिनी काठी देतील."

मी पिशवी उघडली. काठी काढली आणि सेक्रेटरींना न देता सगळ्यांमधून मागे गेले. लोक बाजूला झाले. मास्तरांपाशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, कारण त्या दिवशीही मोठ्यानेच म्हटलं होतं:

"ही काठी ह्यांची नव्हती. मास्तरांची आहे. त्यांनी ती ह्यांना वापरायला दिली, आणि हे गेल्यावर एकदाही परत मागितली नाही. आणि मी भर लॉन्ड्रीत त्यांना म्हटलं की ते मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलेत. ज्यांनी ऐकलं ते इथेही असतील. ते मी खोटं बोलले. माझ्या माणसाच्या मित्राला मी चोर म्हटलं आणि चोरीची वस्तू माझ्याच घरात होती."

माझे कान इतके तापले होते की त्यांवर कॉलर इस्त्री झाली असती.

मास्तरांनी काठी घेतली. शेंड्याकडून उघडायला लागले, एकेक नळी, हळू. तिसरीपाशी अंगठा थांबला. त्यांना चीर लागली.

"ती मी केली," मी म्हटलं. "पकडीने."

"तेलही तुम्हीच?"

"हो."

"धुतलंय नंतर," त्यांनी नळी नाकाला लावली. "साबण लॉन्ड्रीचा आहे." मग चिरेवरून पुन्हा बोट फिरवलं. "दोन वेढे रेशमाचे, वर वॉर्निश. धरेल." आणि खाली बघून, "लागलं होतं मला, वहिनी. खूप लागलं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग ते जरा हसले, ओठाच्या एकाच बाजूने. "तो मला म्हणाला होता, तिने विचारलं नवीन आहे का, आणि ती इतकी खूश दिसली की माझ्या तोंडून 'हं' निघून गेलं. मी म्हटलं, मग तुझीच ती. तू असेपर्यंत तुझीच. त्यामुळे वहिनी, चोरीची वगैरे काही नव्हती. तुम्ही फार जोरात बोलता, तेवढंच."

पुढून सेक्रेटरींनी घसा साफ केला. "मग या खिळ्यांवर काय टांगायचं?"

वन्सं पुढे झाल्या आणि वेताचं दांडकं त्यांच्या हातात कोंबलं. "हे घ्या. हीच त्याची. अर्धी आहे, पण अस्सल आहे. आणि नीट बसवा. इतके दिवस जमीन ठोकलीय तिने, ती सहज पडायची नाही."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मीही हसले असेन. भिंतीवर ती काठी अगदी छोटी दिसते, पाटीपेक्षाही छोटी.

निघताना मी मास्तरांना म्हटलं, संध्याकाळी चहाला या. ते म्हणाले, "येईन, वहिनी. पण लगेच नाही. थोडे दिवस जाऊ द्या." आणि खिशातला दोरा तात्पुरता चिरेवर गुंडाळून कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मी काठावर उभी राहून बघितलं. त्यांची दोरी हवेत मागे जाते, पुढे जाते, पाण्याला लागते की नाही असं वाटतं. मास्तर काठावर बसून काय बघत असतील, ते मी पहिल्यांदा बघितलं.

थोडे दिवस. मला ते बरोबर वाटतं. लगेच आले असते तर मला खाली मान घालायला जागा राहिली नसती.

आज सकाळी लॉन्ड्रीत चांभाराने मास्तरांचं गाठोडं टेबलावर ठेवलं. मी ते सोडलं, गाठीचे कपडे वेगळे काढले, धुतले, वाळवले, इस्त्री केली. मग चांभाराची वाट न बघता गाठोडं स्वतः उचललं, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या दुकानाच्या टेबलावर, गिऱ्हाइकं होती तरी, ठेवून आले.